पितळी सर्प आणि तुझी रात्रपाळी

नगर, रविवार दुपार

प्रिय छकुली,



परवा फोनवर तू विचारलंस आणि मी ‘लिहून कळवते’ म्हणाले. तू ड्यूटीला निघाली होतीस, बसस्टॉपवरच्या वाऱ्यात तुझा निम्मा आवाज ऐकू येत नव्हता, आणि असली गोष्ट उभ्या उभ्या बोलून संपवायची नसते. आज उपासनेहून आले, जेवले आणि वही घेऊन बसले आहे. तुझा भाऊ संध्याकाळी पानांचे फोटो काढून पाठवील. अक्षर लागलं नाही तर विचार.

इकडे सगळं ठीक आहे. आजीचा गुडघा दुखतो, पण सकाळी शास्त्र वाचून दाखवल्याशिवाय ती मला चहा पिऊ देत नाही. पाऊस लांबला, कांद्याची रोपं सडली, गावाकडचे काळजीत आहेत. तरी कापणीच्या सणाला कोणी हात आखडला नाही. बाजरीची कणसं, भोपळे, अंडी, एक तांबडा कोंबडा, सगळं वेदीपुढे आलं, आणि लिलावात त्या कोंबड्यावरून दोन काका इरेला पेटले. पाळकसाहेबांनी परदेशातल्या मुलांसाठी प्रार्थना केली तेव्हा तुझं नाव घेतलं. आजीचे डोळे भरून आले.

आता तुझा प्रश्न. तुझ्या खोलीतली वसईची मुलगी कपाटावर मरियामातेची तसबीर ठेवते, रात्री रोझरी म्हणते. तुमच्या फेलोशिपमधल्या त्या भाऊंनी तुला सांगितलं की मूर्तिपूजकांबरोबर एका छताखाली राहशील तर तुझे आशीर्वाद अडतील, तेव्हा खोली बदल. आणि तू मला विचारतेस, बदलू का?

नको बदलूस, बाळ. तापानं फणफणली होतीस तेव्हा तुझ्या उशाशी कोण बसलं होतं, ते मला माहीत आहे. तुझ्या मम्मीला रात्री अडीचला फोन करून ‘काळजी करू नका, ताप उतरलाय’ असं सांगणारी तीच मुलगी होती. त्या तसबिरीबद्दल तिच्या मंडळीचं म्हणणं तिलाच विचार. ७८७ साली निकिया इथं धर्मपरिषद भरली, तिथं हा वाद निघाला होता. तसबिरीला दिलेला मान चित्रातल्या व्यक्तीला पोचतो आणि आराधना मात्र एकट्या देवाची, असं त्यांनी तिथं ठरवलं. आपल्या प्रॉटेस्टंट सुधारकांना ते पटलं नाही. १५२४ साली झुरिकच्या चर्चमधून तसबिरी आणि मूर्ती काढल्या, भिंतींना चुना फासला. मी त्या दुसऱ्या वाटेवर वाढले आहे. मला प्रार्थनेला चित्र लागत नाही, आणि तुलाही लागू नये असं मला वाटतं. पण तिच्याशी बोलायची, वाद घालायची, तिच्या बाजूला बसून तिचं ऐकायची मोकळीक तुला आहे. खोली सोडून पळायची काही गरज नाही.

तुझे आजोबा शाळामास्तर होते तेव्हा आमच्या गल्लीत सगळ्या धर्मांची माणसं राहत होती. शेजाऱ्याच्या देव्हाऱ्याबद्दल घरात कोणी वावगा शब्द काढला तर ते जेवत्या ताटावरून उठत. त्यांचा आधार पक्का शास्त्रातला होता. इफिसात पौल दोन वर्षांहून जास्त राहिला, त्याच्या उपदेशामुळे देमेत्रिय सोनाराचा अर्तमी देवीचे रुपेरी देव्हारे करण्याचा धंदा बसायला आला, शहरात दंगल उसळली. तरी तिथल्या नगरशेटजीनं सर्वांसमोर साक्ष दिली की या माणसांनी देवळं लुटलेली नाहीत आणि आपल्या देवीची निंदाही केलेली नाही. कृत्यांच्या एकोणिसाव्या अध्यायात आहे, काढून वाच. आजोबा म्हणायचे की एवढा मोठा प्रेषित ज्या जिभेला लगाम घालू शकला, त्या जिभेला आपणही घालावा.

आणि छकुली, मूर्ती करू नको ही दुसरी आज्ञा देवानं दिली ती मिसरातून सोडवून आणलेल्या आपल्याच लोकांना. मिसरी लोकांची मंदिरं मोडा, असं त्यात कुठं म्हटलेलं नाही. आज्ञा मिळाली आणि पहिल्यांदा मोडली तीही त्याच लोकांनी, सीनाय पर्वताच्या पायथ्याशी, मोशेला वरून यायला चाळीस दिवस लागले तेवढ्यात. बायकामुलांच्या कानातली सोन्याची कुंडलं गोळा झाली, वासरू ओतून झालं, आणि अहरोनानं दवंडी कशाची पिटली? उद्या परमेश्वराचा सण आहे, याची. आपण देव बदलला असं त्यांना वाटलंच नाही. नाव तेच, सण तोच, गाणीही बहुधा तीच. मी रविवारच्या शाळेत हा धडा कितीतरी मुलांना शिकवला, आणि दर वेळी मला भीती वाटते ती याच गोष्टीची. ख्रिस्ती माणसाच्या घरात मूर्ती येते ती येशूचं नाव घेऊन येते. म्हणून ती ओळखू येत नाही.

त्याहून मला जास्त हलवणारी गोष्ट आहे पितळी सर्पाची. रानात सर्पदंशानं माणसं मरू लागली तेव्हा देवानंच मोशेला सर्प करून खांबावर लावायला सांगितला. ज्यानं वर पाहिलं तो जगला. प्रभू येशूनं निकदेमाशी बोलताना आपल्या वधस्तंभाबद्दल सांगायला तोच दाखला घेतला. म्हणजे वस्तू देवाच्या आज्ञेनं केलेली, तिनं खरोखर जीव वाचवलेले. लोकांनी ती जपून ठेवली, पिढ्यान् पिढ्या जपली, आणि कधीतरी तिच्यापुढं धूप जाळायला सुरुवात केली. शेवटी इ. स. पूर्व आठव्या शतकात हिज्कीया राजा गादीवर आला आणि त्यानं तिचे तुकडे तुकडे केले. माझ्या मनात येतं, त्या दिवशी यरुशलेमात किती म्हाताऱ्या रडल्या असतील! आमच्या मोशेची आठवण मोडली म्हणून राजाला शाप दिले असतील. वाईट वस्तूची मूर्ती होते तेव्हा ओळखायला सोपं जातं. ज्या वस्तूनं कधीकाळी आपल्याला खरंच वाचवलं, तिची झाली तर कोण ओळखणार?

अभिषेकाच्या तेलाचं असंच होत चाललं आहे. आजाऱ्यासाठी मंडळीच्या वडिलांनी तेल लावून प्रार्थना करावी, हे याकोबानं लिहिलं आहे. मीही आजीच्या आजारपणात पाळकांना बोलावलं होतं. पण आता बाटल्या विकत मिळतात. दाराच्या चौकटीला तेल, दुकानाच्या गल्ल्याला तेल, तुझ्या मम्मीनं तर तुझ्या व्हिसाच्या फाइललाही लावलं होतं. तिच्या मायेला मी नावं ठेवत नाही. पण गोळ्या बंद करून नुसत्या तेलावर राहिलेली माणसं कोणत्या अवस्थेत दवाखान्यात येतात, ते तू मिरजेला शिकत असताना डोळ्यांनी पाहिलं आहेस. डॉक्टर वॉनलेस प्रार्थना करून शस्त्रक्रियेला हात घालत, असं आपण लहानपणापासून ऐकलं. त्यांनी चाकू खाली ठेवून नुसती प्रार्थना केली असती तर ते मिरजेचं रुग्णालय उभं राहिलं असतं का? देवाला आपल्या मुठीत ठेवता यावं, पाहिजे तेव्हा चालू करता यावं, असं वाटायला लागलं की तेलाची बाटलीही पुरते.

त्या भाऊंनी पाठवलेला व्हिडिओ तू मला पाठवला होतास. सगळा पाहिला. तो उपदेशक गातो छान. पण ‘विश्वासाचं बी पेरा, शंभरपट कापणी घ्या’ असं म्हणून खाली पैसे भरायचा चौकोन दाखवतो, तेव्हा माझ्या पोटात गोळा येतो. मंदिरातल्या दानपेटीशी प्रभू बसला होता, विधवेनं दोन टोल्या टाकलेल्या त्यानं पाहिल्या. शिष्यांना बोलावून तिचं कौतुक केलं. पण तिला घरी गेल्यावर दोनशे टोल्या मिळतील असं तो बोलला नाही. तो अध्याय पुन्हा वाच, तिला परत काय मिळालं याचा एक शब्दही तिथं नाही. तू त्यांना किती पाठवलेस हे मी विचारत नाही. यापुढं पाठवू नकोस एवढं सांगते. दान करायचंच असेल तर तुझ्या वॉर्डात झाडू मारणाऱ्या बाईच्या घरी काय कमी आहे ते बघ, किंवा इथं स्त्रीमंडळाच्या औषधफंडाला दे. बदल्यात काही न मागता दे, म्हणजे मन कसं हलकं होतं ते तुला कळेल.

मोबाइलबद्दल मी जास्त लिहिणार नाही, त्यावर सगळेच बोलतात. फक्त झोपताना तो दुसऱ्या खोलीत ठेव. रात्रपाळी करून आलेल्या पोरीनं सकाळी नऊला डोळे ताणून दुसऱ्यांच्या लग्नांचे आणि नव्या गाड्यांचे फोटो बघत पडू नये.

यहेज्केलाच्या पुस्तकात एक प्रसंग आहे. इस्राएलाचे वडील संदेष्ट्यापुढं येऊन बसले, देवाचं वचन विचारायला. चांगली, मानाची, उपासनेला नियमित येणारी माणसं. आणि देव म्हणाला की यांनी मूर्ती आपल्या हृदयात मांडल्या आहेत. हातात काही नव्हतं, घरात काही सापडलं नसतं. माणसाचं मन मूर्ती घडवतच राहतं असं कॅल्व्हिननं लिहिलं, ते या चुना लावलेल्या भिंतींच्या चर्चमधल्या माणसानं लिहिलं, हे लक्षात ठेव. आपल्या मंडळीतच पाहा ना. नव्या व्यासपीठाला देणगी देणाऱ्यांच्या नावांची संगमरवरी पाटी लावायची ठरली. कोणाचं नाव वर, कोणाचं खाली, यावरून दोन कुटुंबं गेले तीन रविवार वेगवेगळ्या बाकांवर बसतात, प्रभुभोजनाला एकमेकांकडं बघत नाहीत. त्या पाटीला कोणी नमस्कार घालत नाही, धूप जाळत नाही. पण तिच्यासाठी भावाचं तोंड बघणं सोडलं गेलं.

आणि जात. हे मी तुला आधीही सांगितलं आहे, पुन्हा सांगते. आपल्याकडं लग्नाची बोलणी निघाली की मुलगा प्रार्थनाशील आहे का, बायकोला माणसासारखं वागवील का, याआधी ‘मूळचे कोणते’ हा प्रश्न हळूच येतो. दोनदोनशे वर्षं होत आली बाप्तिस्मा घेऊन, तरी येतो. लक्ष्मीबाई टिळकांनी सोवळ्याओवळ्यात जन्म काढलेला, नवऱ्यानं १८९५ साली बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्यावर आभाळ कोसळलं होतं. स्वतःचा बाप्तिस्मा घ्यायला त्यांना आणखी पाच वर्षं लागली. पण त्या आल्या तेव्हा सोवळं मनातून काढून आल्या. आपण ते पेटीत घालून बरोबर आणलं. तुझ्यासाठी स्थळं येतील, तेव्हा हा प्रश्न विचारणाऱ्याला मी दारातच उत्तर देणार आहे. तूही दे.

आता ज्यासाठी मला खरं तर हे पत्र लिहायचं होतं तिकडे येते. तू रागावशील कदाचित, पण आत्याचं ऐकून घे.

आजीला तू सांगितलंस की गेल्या महिन्यात तुला एकही रविवार मिळाला नाही. मग मला सांगितलंस की जास्तीच्या पाळ्या तू मागून घेतल्यास. बारा बारा तासांची पाळी, त्यावर आणखी एक, आणि सुट्टीच्या दिवशी नर्सिंग होममध्ये बदली. आजारी माणसासाठी रविवारी ड्यूटी करणं याला मी कधी बोलणार नाही. प्रभूनं शब्बाथाच्या दिवशी बरं केलं आणि त्यावरून बोलणी खाल्ली. तुझी नेमलेली पाळी ही तुझी सेवा आहे, ती करताना तू देवापुढंच उभी असतेस. मी बोलते आहे ते त्यापुढच्या पाळ्यांबद्दल. त्या कशासाठी चालल्या आहेत, ते तुलाही माहीत आहे आणि मलाही. घराच्या वरच्या मजल्यासाठी.

रानात मान्ना पडत होता तेव्हा नियम असा होता की रोज लागेल तेवढा गोळा करायचा. ज्यांनी उद्याच्या भीतीनं जास्त ठेवला, त्यांच्या मान्नात किडे पडले, वास सुटला. सहाव्या दिवशी मात्र दुप्पट गोळा करायचा, तो टिकायचा, कारण सातव्या दिवशी थांबायचं होतं. तरी काही माणसं सातव्या दिवशी टोपली घेऊन बाहेर गेलीच. मिसरात विटा पाडायची सवय हाडात भिनली होती त्यांच्या. तिथं फारो म्हणायचा की विटांची संख्या कमी होता कामा नये. रानात तसं म्हणणारं कोणी नव्हतं, तरी आतून कोणी तरी म्हणतच होतं. मला वाटतं देवानं शब्बाथ दिला तो या आतल्या मुकादमाला गप्प बसवायला.

तुझ्या आत तो मुकादम बसला आहे, बाळ. मला तुझ्या आवाजात ऐकू येतो. ‘अजून थोडं’, ‘फक्त स्लॅबपर्यंत’, ‘मग मी आराम करीन’. स्लॅब झाला की जिना, जिना झाला की टाइल्स, मग रंग, मग फर्निचर, मग भावाची फी. तुला कोणी पुरे म्हणणार नाही. देव कोणता आणि मूर्ती कोणती हे ओळखायला मी आयुष्यभर एकच गोष्ट पाहत आले: ती काय मागते, आणि कधी थांबते. हिन्नोमच्या खोऱ्यात मोलखाला लेकरं द्यावी लागत आणि तो कधी नको म्हणत नसे. मोरिया डोंगरावर अब्राहामानं सुरी उचलली तेव्हा आपल्या देवानं हाक मारून त्याचा हात थांबवला, मेंढा दाखवला. जे तुझी झोप घेतं, पाठ घेतं, प्रार्थना घेतं, मैत्रिणीशी बोलायचा वेळ घेतं आणि तरी हात पुढंच करतं, त्याचं नाव घर असो, कर्तव्य असो, आईबापांचं प्रेम असो, त्याच्यापासून सांभाळ. आईबापांचा मान राखायची आज्ञा पाचवी आहे. तिच्याआधी चार आहेत, आणि त्यात विसाव्याची एक आहे.

घर वाईट आहे असं मी म्हणत नाही. पत्र्याखाली उन्हाळे काढले आहेत आपण, मला माहीत आहे. आजीला पक्की खोली मिळावी असं मलाही वाटतं. पण ‘मुलगी आयर्लंडला आहे’ हे लोकांना रस्त्यावरून दिसावं म्हणून जो मजला चढतो आहे, त्याच्या भिंतीत तुझी हाडं चाललेली मला बघवत नाहीत.

नारायण वामन टिळकांचं उदाहरण आजोबा नेहमी देत. मिशनचा पगार, राहायला घर, मानमरातब, सगळं होतं, आणि काम तर प्रभूचंच होतं. तरी १९१७ साली त्यांनी ते सोडलं आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडायला निघाले. हातात दोनच वर्षं उरली होती. सगळ्यांनी नोकऱ्या सोडाव्यात असा याचा अर्थ नाही, तू तर मुळीच सोडू नकोस. पण चांगल्या गोष्टीवरची मूठ उघडता येते का, हे अधूनमधून पाहावं लागतं. उघडेनाशी झाली तर जागं व्हायचं.

पंडिता रमाबाईंचं तर मला फार वाटतं. केडगावला जाशील तेव्हा त्यांच्या कबरीपाशी थोडा वेळ थांब. आईवडील दुष्काळात गेले, भाऊ १८८० मध्ये, नवरा १८८२ मध्ये. उरली एक मनोरमा. तिलाच मुक्ती मिशनचा सगळा भार सोपवायचा, असं मनाशी धरून तिला तयार केलेलं. आणि १९२१ साली मनोरमाबाई आईच्या आधी गेल्या, अवघ्या चाळीस वर्षांच्या. जिच्यावर सगळं उभं, तीच गेली. एखादी आई तिथंच संपली असती. रमाबाई पुढचे काही महिने जगल्या, हिब्रू-ग्रीकवरून चाललेलं शास्त्राचं भाषांतर हातात धरून बसल्या, आणि ५ एप्रिल १९२२ ला गेल्या. मिशन आजही चालू आहे. लेकीवर त्यांचं प्रेम कमी होतं का? तसं म्हणायची कोणाची छाती आहे? प्रेम अफाट होतं, पण लेकीला देवाच्या जागी बसवलेलं नव्हतं, म्हणून लेक गेल्यावर देव गेला नाही. घराघरांत लेकरांचे निकाल, लेकरांचे व्हिसे, लेकरांचे पगार या गोष्टींवर आईबापांचं सगळं उभं असलेलं बघते, तेव्हा मला रमाबाई आठवतात. आमच्या पिढीला ही गोष्ट तुमच्यापेक्षा जास्त शिकायची आहे. आपल्या घरातही.

म्हणूनच मी गुरुवारी दादाकडे गेले होते. तुला न विचारता गेले, पण ते माझ्या भावाचं घर आहे आणि मला जायचा हक्क आहे. वहिनी चहा टाकायला आत गेली तेव्हा मी त्याला विचारलं, पोरगी गेल्या महिन्यात किती रविवार उपासनेला गेली माहीत आहे का? किती तास झोपते? त्याला खरंच माहीत नव्हतं. तू घरी सगळं छान आहे म्हणून सांगतेस, फोटोत हसतेस, मग त्यांना कळणार कसं? तो काही बोलला नाही. शुक्रवारीही नाही. काल संध्याकाळी स्वतः आला, ओट्यावर बसला आणि म्हणाला की ठेकेदाराला सांगितलं आहे, सेंट्रिंग या वर्षी नको. आहे त्या खोलीवर आजीसाठी पत्र्याखाली सीलिंग करून घेऊ, तेवढं त्याच्या पगारात बसतं. पुढचं पुढच्या वर्षी, जमलं तर. तुझ्या मम्मीला थोडं जड गेलं. तिच्या भावजयीचा बंगला झाला आहे ना नुकताच. पण तीही येईल वाटेवर, मी आहे इथं.

तेव्हा आता तुझ्याकडून एवढं हवं आहे. नर्सिंग होमची बदली बंद कर. महिन्यातून दोन रविवार तरी मागून घे, आणि त्यातल्या एका रविवारी तुझ्या मैत्रिणीबरोबर तिच्या मिस्साला जाऊन बस. बस शांत, काही बिघडत नाही. दुसऱ्या रविवारी तिला आपल्या उपासनेला घेऊन जा. फेलोशिपमध्ये त्या भाऊंना माझा सलाम सांग, आणि हेही सांग की आत्यानं तुमच्यासाठी प्रार्थना केली. भांडू नकोस त्यांच्याशी. आपणच तेवढे शुद्ध, असं वाटणं ही किती जुनी आणि किती चिवट मूर्ती आहे, ते परुशी आणि जकातदाराच्या दाखल्यात वाच. ती त्यांच्या मनात शिरते तशी, त्यांना नावं ठेवता ठेवता, तुझ्या-माझ्या मनातही शिरेल.

लोकरीचे मोजे पाठवले आहेत का विचारत होतीस. हो, कुरिअरनं गेले. त्यात आजीनं विणलेली एक जादा जोडी आहे, ती वसईच्या मुलीसाठी. नाताळच्या करंज्यांचं सारण मी वेगळं डब्यात घालून पाठवणार होते, पण कस्टमवाले खाण्याचं अडवतात असं तुझा भाऊ म्हणाला. तेव्हा कृती लिहून पाठवते, खसखस तिकडं मिळते का ते आधी बघ.

या महिन्यात घरी पैसे पाठवू नकोस. दादा तुला बुधवारी, तुझी पाळी सुटल्यावर, फोन करील. त्याला बोलायला वेळ लागेल, तू घाई करू नकोस. आणि नव्या रोटाचा फोटो मला पाठव, कोणते रविवार सुटीचे आहेत ते मला बघायचे आहेत.

आजीचा आशीर्वाद, सगळ्यांचा सलाम.

तुझी,
आत्या